शेंदराखालचं चाक

शेंदराखाली दाते होते. महेबूबनं ते लांबूनच ओळखले आणि पाऊल मागं घेतलं.

मुखेडजवळच्या त्या गावात, कडुनिंबाखालच्या ओट्यावर चाक उभं होतं. भलं जाड, ओतीव लोखंडाचं. वर शेंदराचे थरावर थर, त्यावर झेंडूची माळ, पुढं नारळाच्या करवंट्या. 'चाक सापडलं' एवढंच सांगून सुभेदार दयानंदांनी महेबूबला सोबत आणलं होतं. ते कुठल्या रूपात सापडलं, हे सांगितलं नव्हतं.

उदगीरला महेबूबच्या गॅरेजात लढाईच्या काळातली एक साखळीची गाडी उभी होती. रणगाड्याची धाकटी बहीणच म्हणा. वर छप्पर नाही आणि चाकांवरून फिरणारी लोखंडी साखळी. फौजेनं ती लिलावात काढली, एका देशमुखानं पडीक रानं फोडायला घेतली. चालवायचा महेबूबचा बाप, करीम मिस्त्री. पुढं ट्रॅक्टर आला आणि गाडी मिस्त्रीकडंच कोपऱ्यात गेली. आता फौजेतून निवृत्त झालेले दयानंद आणि महेबूब मिळून ती पुन्हा चालती करत होते. इंजिन सुरू झालं होतं. साखळीच्या अस्सल कड्या कुठल्या कुठल्या भंगारातून जमवल्या होत्या. अडलं होतं ते डाव्या बाजूच्या दातेरी चाकापाशी. त्याच्याशिवाय साखळी फिरत नव्हती.

लेथवर नवं करता आलं असतं. पण दयानंद म्हणायचे, "कवळी बसवून वाघ उभा करायचा का, महेबूबभाई?" महेबूबलाही नकली नको होतं. त्या गाडीवर बापाचा हात फिरला होता. चाक मुखेडच्या अंगाला राहिलंय, असं बाप म्हणायचा. गावाचं नाव मात्र म्हातारपणी त्याला आठवेना.

आणि आता हे समोर होतं. देव होऊन.

"चला साहेब," महेबूब हळूच म्हणाला. "मला नको चाक."

"एवढं आलोय, तर विचारून तरी बघू."

"विचाराल तुम्ही. नाव माझं निघंल."

दयानंदांनी मान डोलावली. दोघं वळणार तेवढ्यात समोरच्या घरातून शेषेराव बाहेर आला. पन्नाशीचा, अंगानं दांडगा. ओट्याची झाडलोट त्याच्याच घराकडं होती.

"पाव्हणे कुठले म्हणायचे? काय काम काढलं?"

दयानंदांना आडवळणानं बोलता येत नव्हतं. त्यांनी गाडीची गोष्ट सांगितली, चाकाकडं बोट केलं आणि सगळं बोलून टाकलं. शेषेरावचा चेहरा बदलला. पारावरची माणसं उठून जवळ आली.

"आमचा देव नेऊन गाडीला लावता?" शेषेराव म्हणाला. मग महेबूबकडं वळला. "तुमचं नाव काय?"

महेबूबनं नाव सांगितलं, उदगीरचा म्हणाला. पारावरची माणसं आणखी पुढं सरकली. त्यानं हात जोडले. "चूक झाली, दादा. आमी हातबी लावला न्हाई. जातो आमी."

"थांब." आवाज घरातून आला. शेषेरावची आई, कस्तुराबाई, काठी टेकत उंबऱ्याबाहेर आली. नजर अधू झालेली. ती महेबूबच्या अगदी जवळ गेली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"उदगीरचा म्हनलास? कोनाचा रे तू?"

"करीम मिस्त्रीचा, मावशी."

"साखळीची गाडी चालवायचा, त्यो?"

महेबूबनं मान हलवली.

"लई वाट पाहायला लावली रे बाप्पा," कस्तुराबाई म्हणाली. "मी नवी नवरी व्हते तवा. तुझ्या बापानं आमचं माळरान फोडलं. फोडता फोडता चाकाचा आस तुटला. बैलं लावून गाडी नेली वढत. चाक मातर माझ्या सासऱ्याच्या हवाली केलं. म्हनला, नवा आस घिऊन येतो, तवर ही माझी अमानत. मामंजी मरताना मला सांगून गेले, मिस्त्रीचं चाक कोनाला दिऊ नको." तिनं महेबूबच्या हातावर हात ठेवला. "घिऊन जा."

महेबूब ओट्याच्या कडेलाच बसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं, तर दयानंद उगाचच दुसरीकडं बघत होते.

म्हातारीनं स्वतः माळ उतरवली. नारळ फोडायला लावला, खोबऱ्याचा पहिला तुकडा महेबूबला दिला. मघाशी अंगावर आलेली माणसंच आता "हळू, दात्याला धक्का लावू नका" करत चाक उचलू लागली. कोणी पोतं अंथरलं, कोणी चहा सांगितला. दयानंदांनी एका दात्यावरचा शेंदूर नखानं खरवडला. खालचं लोखंड निळसर आणि निकोप होतं. गंजाचा ठिपका नव्हता.

शेषेराव तेवढा ओट्यापाशी उभा होता. रिकाम्या जागेकडं बघत. लग्न झालं तेव्हा तो जोडीनं इथं पाया पडला होता, पोरांची जावळं इथंच काढली होती.

"माय," तो शेवटी म्हणाला, "तुला समदं ठावं व्हतं. मग इतकी वर्सं आमाला याच्या पाया काहून पडू दिलंस?"

"तुमी पाया पडत व्हते म्हनून तर ऱ्हायलं, शेषा," कस्तुराबाई म्हणाली. "भंगारवाल्यांनी गावातलं लोखंड उचलायला सुरुवात केली, तवा शेंदूर मीच फासला व्हता."