उभा पाइप

"उभा पाइप तुमच्या कामाचा नाही, वहिनी," अंबादास म्हणाला.

त्याच्या दोन हातांत दोन पाइप होते. उजव्या हातातला आखूड, वाकवलेला. तो गाडीच्या पोटाखालून मागे काढायचा. डाव्या हातातला लांब, जाड, लष्कराच्या भंगारातला. तो केबिनच्या पाठीला उभा बसवायचा, धूर वर सोडायला. मालाडला, तेव्हाच्या घोडबंदर रोडवर अंबादासचं गॅरेज. बेनेडिक्टची पिकअप सकाळपासून तिथे उभी होती. पेट्रोल महागलं तेव्हा बेनेडिक्टने तिच्यात जुनं डिझेल इंजिन टाकून घेतलं. तेव्हापासून ती काळं ओकत होती.

"आखूड घ्या. धूर मागच्या मागे राहील. उभ्याचा आवाज कानाशी, शेक पाठीला, आणि वारा फिरला की धूर खिडकीतून आत. बेनीभाय, तुम्हीच सांगा ना यांना. वहिनींची छाती अशी, आणि त्या पुढे बसतात."

बेनेडिक्ट टायरकडे बघत राहिला.

त्याची बायको एथेल स्टुलावर बसली होती. "उभाच बसव," ती म्हणाली. "आणि तो मागे हौद्यात—"

खोकला. अंबादास थांबला. बेनेडिक्टने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती नुसतीच हातात धरली.

"—डाव्या कोपऱ्यात. उजवीकडे जागा मोकळी हवी."

"भाजीच्या पाट्यांना?"

तिने पिशवीतून सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी होत्या. एक गाठ तिने बेनेडिक्टच्या हातात दिली. "धर." हौद्याच्या उजव्या कडेला सुतळी ताणली गेली. शेवटाला चार बोटं जागा उरली.

"बसतं," ती म्हणाली, आणि सुतळी तिथेच सोडली.

पाट्या गोल असतात, त्यांना लांबी कशाला मोजायची, असं अंबादासच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायची एक हद्द असते. त्याने लांब पाइप उचलला.

पट्टा. बोल्ट. ठिणग्या. पुन्हा पट्टा.

"भोवती जाळीचा पत्रा लाव," एथेल म्हणाली. "चढवता-उतरवताना माणसांचे हात—"

खोकला. या वेळी लांबला. शेजारचा पंक्चरवालाही हातातलं काम सोडून बघायला लागला.

"—भाजतील."

"हमालांची एवढी काळजी?" अंबादास हसला. "बरं, लावतो. लेकीच्या, रोझमेरीच्या लग्नात हीच गाडी काढा. पाइपला वरपर्यंत माळ गुंडाळू, झकास दिसेल."

"फुलं लागतीलच," एथेल म्हणाली.

बेनेडिक्ट रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

शेवटी अंबादासने पाइपच्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवलं. धूर आला की ते उघडतं, थांबला की मिटतं. पावसाचं पाणी आत जात नाही. त्याने इंजिन सुरू केलं. वर झाकण वाजायला लागलं. टक् टक् टक् टक्.

"हे फार बडबडतं. काढ," एथेल म्हणाली.

"अहो, पाऊस?"

"आता कुठे मार्च लागलाय. पावसाच्या आधी बेनी लावून घेईल."

"ते विसरतील. तुम्ही आठवणीने घेऊन या त्यांना."

"मी आणीन गाडी," बेनेडिक्ट रस्त्यावरून म्हणाला. सकाळपासून तो तेवढंच बोलला.

झाकण निघालं. बेनेडिक्ट गाडीत चढला. एथेल चढली नाही. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. "पहिल्या गिअरमध्ये चालव. माणूस चालतो तेवढीच."

गाडी निघाली. मागून एथेल चालू लागली. बाई मध्येच कोसळायची, या भीतीने अंबादासही तिच्या बाजूने चालू लागला. काळा धूर पाइपातून सरळ वर गेला, रस्त्याकडेच्या चिंचेच्या वर जाऊन फुटला.

"वहिनी, पुढे बसा ना. मागे काय बघताय? मागे आता धूर येतच नाही."

"तेच बघते."

वीस पावलं. चाळीस. ती हळू आवाजात काहीतरी गायला लागली. चर्चमधलं असावं. पहिली ओळ झाली. अंबादास खोकल्याची वाट बघत होता. दुसरी ओळ झाली. तीही पुरी झाली. गाडी दुकानांच्या रांगेपाशी पोचली आणि थांबली.

एथेलने हौद्याच्या मागच्या फळीला धरून श्वास घेतला.

"गेल्या महिन्यात ह्युबर्टअंकल गेले. त्यांची पेटी याच गाडीतून कबरस्तानात नेली," ती म्हणाली. "आमच्या वाडीत सगळ्यांना बेनीच नेतो. अख्खी वाडी मागून चालत होती, आणि अख्खी वाडी खोकत होती. गाणं कुणालाच म्हणता आलं नाही. रोझमेरीने तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. तिची छाती माझ्यावर गेलीय. आणि तिला गायचंच असणार."

एवढं सगळं ती सलग बोलली.

अंबादासने हौद्यात पाहिलं. डाव्या कोपऱ्यात त्याचा पाइप, त्याच्याभोवती त्याची जाळी. उजवीकडे सुतळी पडलेली होती, या गाठीपासून त्या गाठीपर्यंत सरळ. केबिनमध्ये बेनेडिक्ट स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

"पण वहिनी," अंबादास म्हणाला, काहीतरी म्हणायचं म्हणून, "तुम्ही तर पुढे बसता."

"त्या दिवशी नाही," एथेल म्हणाली.