कैवारी

मिथुननं कोर्टातल्या बाकावर सरकून जागा करून दिली. टोपी घातलेला म्हातारा शेजारी बसला.

"तुमचीबी तारीख हाय का?" मिथुननं विचारलं.

"न्हाई. नुस्तं बसायला आलो. चालंल ना?"

मिथुनला हायसं वाटलं. पास्टरांनी शब्द पाळला होता.

मिथुन घनसावंगी ते अंबड काळीपिवळी जीप चालवायचा. उसाच्या हंगामात जांबच्या फाट्यावर एक मोटारसायकल त्याच्या जीपवर आदळली आणि चालवणारा तरुण गेला. हयगयीनं गाडी चालवून जीव घेतल्याचा गुन्हा मिथुनवर लागला. तेव्हापासून ओळखीची माणसंही त्याला टाळायला लागली. बायको अक्षता सोबत यायचं म्हणायची, पण तिचे दिवस भरत आले होते.

रविवारी चर्च सुटल्यावर पास्टर शांतवन अमोलिक यांनी त्याला थांबवून घेतलं होतं.

"बायबलात 'कैवारी' असा शब्द आहे," ते म्हणाले. "मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस'. म्हणजे हाक मारून शेजारी बोलावलेला. त्या काळी कोर्टात आरोपीजवळ त्याचं कुणी माणूस उभं राहायचं, त्याला असं म्हणायचे. येशूनं पवित्र आत्म्याला तेच नाव दिलं."

"म्हंजे वकीलच की."

"वकील बोलतो, मिथुन. हा जवळ असतो. मंडळीतून कुणाला तरी पाठवतो मी."

आणि आता हा म्हातारा आला होता.

"झोप लागती का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"न्हाई. डोळे मिटले का तो पोरगाच दिसतो."

"काय करीत असतो तो?"

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मिथुन सांगत गेला. "मी उडी मारून पळत गेल्तो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी मागितलं त्यानं."

"पेला का?"

"पेला थोडं. माझा हात धरून ठेवला होता. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडला न्हाई."

म्हाताऱ्यानं मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळानं तो उठला आणि दोघांसाठी चहा घेऊन आला.

पुढं प्रत्येक तारखेला तो यायचा. फिर्याद देणारा, मयताचा मेव्हणा, समोरच्या भिंतीला टेकून दोघांकडे रागानं बघत राहायचा. मिथुन अवघडायचा. म्हातारा जागचा हलायचा नाही.

"कुणीच बघितलं न्हाई का?" त्यानं एकदा विचारलं.

"फाट्यावर झुंबरबाई पेरू विकत बसती. मोटारसायकल ट्रॅक्टरला ओलांडून माझ्या अंगावर आली, हे तिनं बघितलं. पण कोर्टात यायला तयार न्हाई."

"का बरं?"

"मयताच्या घरच्यांचं भ्या वाटतं तिला. त्यांच्याच शिवारात रोज बसायचं हाय तिला."

"बराबर हाय तिचं," म्हातारा एवढंच म्हणाला.

पुढच्या तारखेला झुंबरबाई साक्षीला उभी होती. डोक्यावरचा पदर सावरत तिनं बघितलं तसं सगळं सांगितलं. मिथुनला वाटलं, वकिलानं समजूत काढली असेल. वकिलाला वाटलं, मिथुननं काढली.

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी मिथुनला 'निर्दोष' म्हटलं. बाहेर येऊन तो पायरीवरच बसला. अक्षतानं बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. कितीतरी महिन्यांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बाळाकडे बघितलं आणि तो स्टँडकडे निघून गेला.

तेवढ्यात पास्टर आले.

"पास्टर, तुमचे उपकार," मिथुन म्हणाला. "तुम्ही पाठवलेल्या माणसानं एकही तारीख चुकवली न्हाई."

पास्टरांचा चेहरा पडला. "मी कुणालाच पाठवलं नाही, मिथुन. विचारलं पुष्कळांना, पण कोर्टात यायला कुणी तयार होईना. तेच सांगायला लाज वाटत होती मला."

अक्षता पास्टरांकडे बघत राहिली. तिनं हळूच हात जोडले.

"मंग ते कोण होते?" मिथुननं विचारलं.

निकाल ऐकायला आलेली झुंबरबाई पायरीशीच पाटी घेऊन उभी होती.

"ते टोपीवाले ना? माझ्या दारात आल्ते. म्हणले, आमच्या घरच्यांचं भ्या धरू नको, बघितलं ते खरं सांग," ती म्हणाली. "गेलेल्या पोराचे वडील हायत ते."