उघडा राहिलेला माइक

"टेगन कशाला? मशीन आहे ना!"

कोरीचाच आवाज दोन्ही स्पीकरांतून दणाणला.

निंबिन गावच्या माळावर भर उन्हात चार-पाचशे माणसं अनवाणी नाचत होती. महोत्सव भरवणाऱ्या गेलने स्टेजच्या कडेला येऊन नेमकं आत्ताच विचारलं होतं, "पुढच्या वर्षी मोठ्या स्टेजवर एकटाच येशील का?" गिटारच्या लाकडावर थापा मारता मारता कोरीने फुशारकीत उत्तर ठोकून दिलं. पायाखालचं मशीन त्या थापा पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी टिपून घेत होतं आणि माइक उघडा होता. थापांबरोबर ते उत्तरही टिपलं गेलं. आता ते फिरून फिरून वाजणार होतं.

पुन्हा आलंच. गर्दीला ते गाणं वाटलं. "मशीन आहे ना!" पोरंपोरी ओरडायला लागली.

एक कळ दाबली की सगळं थांबलं असतं. पण मग थापाही थांबल्या असत्या, नाच मोडला असता, आणि तोही गेलच्या डोळ्यांदेखत. कोरीचा पाय काही उचलला गेला नाही. पलीकडे स्टेजच्या पायरीवर त्याची थोरली बहीण टेगन व्हायोलिन सुरात लावत बसली होती. ताल मोजायला त्याला तिनेच शिकवलं होतं. लिस्मोरच्या बाजारात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तेव्हा शेजारी उभी राहून तीच वाजवायची. शरमेने त्याचे कान तापले. तरी पाय हलेना.

टेगन वर आली.

"बंद करतो, टेग्ज," तो कसाबसा म्हणाला.

"राहू दे. लोक नाचतायत. बघू या तरी, खरं आहे का ते."

तिने व्हायोलिन खांद्याला लावलं. असं तिने आजवर कधी वाजवलं नव्हतं. लोक बेभान झाले. मग तिने स्वतःच्याच पायाने मशीनची टिपून घ्यायची कळ दाबली. मशीनने तिची धून उचलली आणि फिरवायला घेतली. टेगनने गज खाली घेतला, व्हायोलिन काखेत धरलं आणि पायऱ्या उतरून ती चालू लागली.

"खात्री पटली माझी!" गेल ओरडली. "एकटाच ये, गड्या!"

कोरीने मान वर केली. खाली धुरळ्यात माणसं त्या व्हायोलिनवर डोळे मिटून नाचत होती, आणि वाजवणारी निघून गेली हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.