दिव्यांचा भार

“दिव्यांचा भार रिलेने घ्यायचा, पोरी. स्विचने नुसता हुकूम सोडायचा.”

सहा वर्षांपूर्वीचा मास्टर न्यार्कोंचा तो आवाज सेरवाच्या कानात भुंग्यासारखा फिरत होता. समोर मिनीबसचं बोनेट उघडं होतं. रिलेवर लाल आणि हिरवी तार एकमेकींच्या जागी जाऊन बसली होती. दिवे लागत होते खरे, पण सगळा भार बिचाऱ्या स्विचवर. तो वितळून काकवीसारखा ओघळला होता.

“मांपोंगच्या घाटात अंधार झाला,” मिनीबसवाला अग्यापोंग म्हणाला. “अठरा माणसं किंचाळली. एक बोकड तेवढा गप्प होता. सेरवाबाई, रविवारच्या पावडरची एवढी घाई?”

आजूबाजूचे फिटर हसले. कुमासी शहरातल्या त्या गॅरेजवस्तीत दिव्यांची कामं सेरवाच करते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी मास्टर तिच्या डोक्यावर पावडर ओतून तिला शिकाऊपणातून मोकळं करणार होते. मगच तिला स्वतःचं दुकान टाकता आलं असतं. पांढरा झगासुद्धा शिवून आला होता.

हे काम तिचं नव्हतं. तारांवरच्या टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. अशी टेप फक्त मास्टर गुंडाळत. बस दुरुस्तीला आली त्या शनिवारी ती मावशीच्या मयताला गावी गेली होती. पण चारचौघांत गुरूकडे बोट दाखवायचं कसं? तिने पक्कड उचलली. ठेवली. पुन्हा उचलली.

रागही येत होता. इतकी वर्षं दर तारेला “ही कुठली गं?” म्हणून सगळ्यांदेखत परीक्षा घेणारा माणूस आज बाकावर मुकाट बसला होता.

“अशा हाताला कसली मोकळीक?” अग्यापोंग म्हणाला. “मास्टर, अजून वर्षभर झाडू मारू दे हिला.”

“चुकलं माझं,” सेरवा खाली बघत म्हणाली.

मास्टर उठले. बोनेटपाशी आले, दोन्ही तारा त्यांनी बोटांत धरल्या आणि बराच वेळ नुसत्या चोळत राहिले.

“शनिवारी ही इथे नव्हती. मी जोडलं,” ते म्हणाले. “लाल-हिरवं मला जन्मापासून कळत नाही. आधी बायकोला विचारायचो. ती गेल्यावर हिला. परीक्षा कसली घेतोय, अग्यापोंग, मी विचारत होतो.”