अळणी कालवण

झेवियरनं सुरमईच्या कालवणात मीठ घातलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. मवालेहच्या मंडईतून एकेक निवडून आणलेली वांगी त्यानं मुद्दाम करपवली, भाताचा पार गोळा केला आणि मग छातीवर क्रूस काढून देवाची माफी मागितली.

मस्कतच्या या हॉटेलात अकरा दिवस दोन देशांची बोलणी चालली होती. एकानं आपल्या तेलविहिरी सरकारजमा करून परकी कंपनी हाकलून दिली होती. दुसरा त्या कंपनीचा कैवारी. तो भरपाई मागत होता. ओमान यजमान. तेल जमिनीत, भांडण टेबलावर आणि झेवियर चुलीपाशी. बोलणी संपेपर्यंत हॉटेलातल्या कुणालाही रजा नाही, असा हुकूम. आणि रविवारी वसईला जोआनचं लग्न. लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं ते बापानं. आज गुरुवार उजाडला होता.

हे खूळ डोक्यात घातलं ते पामेलानं. काल बूथमध्ये कार्ड घालून त्यानं घरी फोन लावला, आणि बायकोपुढे बढाई मारायची खोड काही जाईना. "अगं, आपल्या वसईच्या बाटली मसाल्याचा रस्सा ठेवला की दोन्हीकडचे हात एकदम पुढे येतात. एक साहेब तर तीनदा वाढून घेतो!"

"मग उठतील कशाला ते?" पामेला कडाडली. "तूच बसवून ठेवलंयस त्यांना, शहाण्या! इथे पोरगी बापाची वाट बघतेय."

झेवियरला पटलं. पटलं कसलं, तो सुखावलाच. दोन देशांचं भांडण आपल्या रश्श्यावर तरंगतंय म्हटल्यावर कुठल्या आचाऱ्याची मान ताठ होणार नाही? अन्नानं बसवलंय, तर अन्नच उठवेल.

दीड वाजता जेवण आत गेलं. दोनला जसंच्या तसं परत आलं. भरलेली भांडी बघून त्याच्या काळजात कळ उठली, पण कळेच्या पाठोपाठ गुदगुल्याही झाल्या.

एवढ्यात वाढप्यांचा कॅप्टन शरीफ, रत्नागिरीचा, हातात कागद नाचवत आत आला. "सह्या झाल्या रे झेवियर! दोघांच्या, एकाच कागदावर! अकरा दिवसांत पहिल्यांदा!"

झेवियरनं डोक्यावरची पांढरी टोपी हवेत उडवली. "खलास! बघितलंस? एवढ्या वकिलांना, राजदूतांना जमलं नाही ते..."

"आधी ऐक तरी." शरीफनं घसा खाकरला. "'आजचे जेवण माणसाने खाण्याजोगे नव्हते, याबाबत उभय पक्षांचे पूर्ण एकमत आहे.' खाली दोन सह्या."

झेवियर कांद्याच्या पोत्यावर बसला. नाक तर कापलं गेलं, तेही आंतरराष्ट्रीय. मग त्याला जोआनचा पांढरा झगा दिसला आणि कापलेल्या नाकानिशी तो हसला. "जाऊ दे रे. नाव गेलं तर गेलं. उठले ना एकदाचे?"

"उठलेच होते," शरीफ म्हणाला. "यजमान साहेब आत्ता आत सांगत होते. बोलणी सकाळीच मोडली होती. बॅगा खाली आल्या होत्या. नुसतं जेवून चारच्या विमानानं निघायचे होते दोघंही."

"मग?"

"मग काय. तक्रारीवर सही करताना एकाला हसू आलं, त्याचं बघून दुसऱ्याला. हसत हसत परत टेबलाशी बसले." शरीफनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणखी दहा दिवस थांबतायत."