मोडेमची जागा

"सगळ्या खोल्यांत नेट हवं, तर मोडेम याच कोनाड्यात बसवावा लागेल," नेटवाला म्हणाला. सूनबाईंनी लगेच तिथले सासूबाईंचे देव उचलून मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनपाशी नेऊन ठेवले.

"आई, देव काय, कुठेही भेटतो. नेटचं तसं नसतं हो."

"बरं बाई," सासूबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंची सकाळची मीटिंग सुरू झाली की नेट जायचं, ते मीटिंग संपल्यावरच यायचं. साहेबांनी तर तंबीच दिली, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा.

"वायर बदलली, मोडेम बदलला, आता काय घर बदलू?" नेटवाला वैतागला. "आजी, सकाळी याला कोणी हात लावतं का?"

"त्यांचं दुपारपर्यंत मौन असतं," सूनबाई म्हणाल्या. "दुपारी या. आमच्या आई कधी खोटं बोलत नाहीत."

दुपारी तो आला. सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली.

"मीच लावते की हात. इतक्या वर्षांची सवय, पूजेआधी कोनाडा ओल्या फडक्याने पुसायची. शॉक बसू नये म्हणून प्लग काढते आणि पूजा आटोपली की आठवणीने लावते."

"अहो आई, पण तुमची पूजा तर झटकन व्हायची!"

 

"व्हायची गं. पण आता देव मशीनपाशी आहेत ना, तिथे मन लागायला फार वेळ लागतो."