नाना जाणार की राहणार?

आमदारकीची निवडणूक लागली आणि खारीतल्या सुगंधाच्या घरात बापलेकांची जुंपली. नवरा धर्माजी हा अण्णांच्या पार्टीचा, मुलगा निकेत नानांच्या. आठवडाभर वाद एकच, नाना पार्टी सोडून अण्णांकडे जाणार की राहणार? एवढ्या तावातावाने कधी पाण्यासाठी भांडले असते, तर नळाला धार तरी आली असती! आजही खाली प्रचाराची रिक्षा बोंबलत होती, वर हे दोघं, आणि ताटातलं बांगड्याचं कालवण थंडगार. त्यात फोन वाजला. काही ऐकू येईना म्हणून ती वैतागून स्वयंपाकघरात गेली.

बाहेर आली तरी तेच चाललेलं. "अरे, गप्प बसा की जरा!" ती दोनदा म्हणाली. कोण ऐकतंय! शेवटी ओरडलीच, "अहो, नाना गेले!"

"गेले ना?" धर्माजीने टाळी वाजवली. "बोललो नव्हतो? जा रे, पेढे घेऊन ये!"

"खोटंय! नाना मेले तरी जाणार नाहीत," निकेत उसळला.

सुगंधाने हातातला फोन नवऱ्यापुढे धरला. "गावचे नाना हो. तुमचे थोरले भाऊ. वहिनी अजून फोनवरच आहेत."